गच्चीवरची तीज

सही करण्याआधी कागद नीट वाचावा, हे शाम आडे गेली चौदा वर्षं टेबलापलीकडच्या माणसांना सांगत आला होता. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्याला दुसरं सांगण्यासारखं असतं तरी काय? आणि हाच माणूस एका कागदावर डोळे मिटून सही करून बसला. त्या सहीपायी यवतमाळात पुढे जे झालं, ते त्याच्या तांड्यात अजूनही कोणाला खरं वाटत नाही.

सुरुवात झाली रामीबाईच्या गुडघ्यांपासून. रामीबाई म्हणजे शामची आई. श्रावणात ती महागावकडच्या बंजारा तांड्यातून गुडघे दाखवायला आली, डॉक्टरने दिलेल्या गोळ्या तिने उशीखाली ठेवल्या आणि नातीला हाताशी धरलं. नात म्हणजे अर्पिता, वय वर्षं सहा. या पोरीच्या हातात कात्री आणि डोक्यात देव एकाच वेळी आले होते. घरात सापडेल त्याचं ती काहीतरी करायची आणि जे केलं त्याला नैवेद्य दाखवायची. सेवालाल महाराजांचा पांढरा घोडा तिने बापाच्या मोज्यात कापूस भरून केला होता. संध्याकाळी त्याच्यापुढे डोळे मिटून अरदास व्हायची, बिस्किटाचा भोग लागायचा, आणि बाप दुसऱ्या दिवशी एका पायात पांढरा, एका पायात निळा मोजा घालून कचेरीत जायचा. तक्रारीची सोय नव्हती. महाराजांचा घोडा परत मागायचा कसा?

अशा पोरीला रामीबाईने तिजेची गोष्ट सांगितली. राखीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यातल्या कुवाऱ्या पोरी दुरडीत गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात आणि गोकुळाष्टमी झाली की वाजतगाजत नदीवर नेऊन सोडतात. जिची तीज हिरवीगार, तिला नवरा चांगला. नवऱ्यात अर्पिताला काडीचा रस नव्हता. पण गाणं म्हटलं की उगवतं, असं काही या जगात आहे, हे ऐकून ती रात्रभर नीट झोपली नाही.

"मला तीज पाहिजे," सकाळी ती म्हणाली.

"याडी, पेरू दे नं तिले बाल्कनीत एक दुरडी," शाम आईला म्हणाला.

"बाल्कनीत?" रामीबाईचा हात गालाला लागला. "तीज काय कोथिंबीर हाये काय? अन् नायकाच्या हुकमाबिगर कोनी तीज पेरते? पोरीनं आधी नायकाच्या दारात जाऊन मागाव लागते. तो हो म्हनला तं तीज, नाई तं नाई."

"आता इथं नायक कुठून आनू? हे यवतमाळ हाये. इथं सोसायटीचा अध्यक्ष असते."

ही शामची थट्टा होती. पण घरात थट्टा समजणारं माणूस एकच, त्याची बायको ममता, आणि ती दवाखान्यात नर्सच्या ड्यूटीवर गेलेली. रामीबाईने नातीकडे पाहिलं, नातीने आजीकडे पाहिलं, आणि शाम चहा संपवतो तोवर अर्पिता तळमजल्यावर अध्यक्षांची बेल वाजवत होती.

अध्यक्ष जीवनराव गावंडे हे सदुसष्ट वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. अठरा फ्लॅटच्या त्या इमारतीचे ते अकरा वर्षांपासून अध्यक्ष होते आणि त्यांची निवड कधी झाली हे कोणालाच आठवत नव्हतं. शुगर होती म्हणून ते रोज सकाळी कशाचा ना कशाचा रस प्यायचे. सोमवारी कारलं, मंगळवारी दुधी, बुधवारी कडुनिंब, आणि उरलेले दिवस नोटिसा लावायचे. "बिच्चारे," समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबाई म्हणायच्या, "बायको गेल्यापासून असे कडू झाले." सगळ्यांना ते पटलेलं होतं.

"नायक आजोबा," अर्पिताने विचारलं, "मी गच्चीवर पेरू का?"

"काय पेरतेस?"

"गहू."

जीवनरावांनी चष्मा वर केला. अकरा वर्षांत त्यांच्या दारात येऊन परवानगी मागणारं हे पहिलंच माणूस होतं. बाकीचे आधी करायचे आणि नंतर भांडायचे. "वडिलांना म्हणावं, लेखी द्या," ते म्हणाले.

शामने लेखी दिलं. विषय: गच्चीवर दुरडीमध्ये गहू पेरण्यास परवानगी मिळणेबाबत. तीज, सेवालाल महाराज, तांडा, यातलं एक अक्षरही त्याने त्यात घातलं नाही. धार्मिक कारण लिहिलं की सभा बोलवावी लागेल, असं त्याने ममताला सांगितलं. खरं कारण असं, की आपलं घरातलं असं उघड्यावर मांडायची त्याला लाज वाटली. पहिला अर्ज परत आला, दुरडीचं माप नाही म्हणून. दुसरा आला, दुसरी प्रत नाही म्हणून. तिसऱ्या वेळी जीवनराव म्हणाले, "त्रुटींची पूर्तता करून आणा," आणि शामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे वाक्य तो दिवसातून वीस वेळा बोलत असे. ऐकलं मात्र पहिल्यांदाच.

परवानगी मिळाली राखीच्या संध्याकाळी. सोबत बारीक टायपात अकरा शर्ती. दुसऱ्या दिवशी पेरायचं होतं आणि माती, दुरडी, गहू यांपैकी घरात फक्त गहू होता. शामने सही ठोकली आणि निघाला.

माती वारुळाचीच लागते, असा रामीबाईचा हुकूम. शाम स्कूटरवर फावडं बांधून कळंब रोडने निघाला. दोन-तीन किलोमीटरवर एका शेताच्या धुऱ्याला छानसं वारूळ दिसलं. वर हळदकुंकू आहे, लाह्या पडल्या आहेत, हे त्याला दिसलं नाही असं नाही. पण नागपंचमी होऊन दहा-बारा दिवस झाले होते आणि देवाचं काम देवाच्या मातीने होईल, असा त्याने सोयीचा विचार केला. पहिलं फावडं बसलं आणि मागून आवाज आला.

"ओ भाऊ! नागोबाचं घर कायले फोडून राह्यले?"

एक म्हातारी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन उभी होती. शामने तिला तीज समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वारुळातल्या मुंग्या त्याच्या पायजम्यात शिरल्या. भररस्त्यात, एका परक्या बाईसमोर, सरकारी सेवेत कायम असलेल्या माणसाने जे नाचू नये ते तो नाचला. म्हातारीने भारा खाली ठेवला आणि हात जोडले. "पाह्यलं? आला नागोबा अंगात," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तिने त्याची पिशवी मातीने भरून दिली.

बाजारातून दुरडी घेऊन घरी पोचेस्तोवर सल्ल्यांचा पूर आला होता. हंसाबाई म्हणाल्या, गहू कोमट पाण्यात भिजवा. खालच्या मेहनाजभाभी म्हणाल्या, "बिलकुल नका भिजवू भाई, सडून जातेत. मी गमल्यात करून पाह्यलं हाये." त्यांची मुस्कान, अर्पिताची वर्गमैत्रीण, काहीच म्हणाली नाही. ती सरळ येऊन चिखलात हात घालून बसली. शेवटी अर्धे गहू भिजवले, अर्धे कोरडे ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी पेरून दुरडी गच्चीवर टाकीच्या आडोशाला ठेवली. अर्पिताने तिच्या चारी बाजूंनी खडूने तांडा काढला, मोज्याचा घोडा पहाऱ्याला बसवला, आणि स्वतः रचलेलं गाणं सुरू केलं: "तीज तीज, वर ये ना, पाणी पी न् पान दे ना!" रामीबाईला तांड्यातली सगळी जुनी गाणी पाठ होती, पण नातीचं ऐकून ती गप्प राहिली. चाल तिला पसंत पडली असावी.

तीन दिवस काही उगवलं नाही.

अर्पिता सकाळ-संध्याकाळ वर जाई, पेलाभर पाणी घाली, गाई, डोळे मिटून बोले आणि खाली येऊन शांतपणे जेवे. शंका तिच्या गावीही नव्हती. शंकेचं सगळं खातं बापाकडे. नाही उगवलं तर हिला काय सांगायचं? देव ऐकत नाही म्हणून सांगायचं, की बापाने माती चोरून आणली म्हणून? चौथ्या दिवशी पहाटे शाम एकटाच गच्चीवर गेला. दुरडीवरचं फडकं उचललं. बोटाच्या पेराएवढे पांढरे-हिरवे कोंभ, दाटीने, माना वर करून उभे होते. शामला धक्काच बसला. त्याहून मोठा धक्का हा, की तो मोज्याच्या घोड्यासमोर हात जोडून उभा होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कोणी पाहिलं नाही ना, हे त्याने नीट वळून बघितलं.

पाहिलं होतं. दोरीवर लुंगी वाळत घालायला जीवनराव आले होते. "छान येतंय," ते म्हणाले. "गाणी ऐकवल्याने जोमाने वाढतं, मीही वाचलंय."

अध्यक्ष बदलले, असं शामने खाली येऊन सगळ्यांना सांगितलं. खरोखर, त्या दिवसापासून ते रोज दोनदा गच्चीवर जाऊन दुरडीकडे पाहत. एकदा तर त्यांनी पट्टी लावून उंची मोजली. रामीबाईला हे फार आवडलं. "नायक असा असावा," ती म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी अर्पिता आणि मुस्कान पाणी घेऊन वर गेल्या आणि गाणं सुरू होण्याऐवजी गच्चीवर सामसूम झाली. शाम अर्धी दाढी केलेल्या तोंडाने धावला. दुरडी जागेवर होती. घोडा जागेवर होता. तीज नव्हती. काल वीतभर असलेली हिरवीगार तीज कोणीतरी कात्रीने, एका रेषेत, मुळापासून दोन बोटं वर कापून नेली होती. उरली होती धसकटं.

अर्पिता रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने धसकटांवरून हात फिरवला आणि बापाकडे पाहिलं.

जिन्यात हिरवे तुकडे सांडले होते. दुसऱ्या मजल्यावर दोन, पहिल्यावर एक. शेवटचा अध्यक्षांच्या पायपुसण्यावर.

जीवनरावांनी दार उघडलं. त्यांच्या मिशीवर हिरवी रेघ होती. हातात काचेचा पेला होता, त्यात अर्धा हिरवा रस.

"या आडे!" ते म्हणाले. त्यांना एवढं प्रसन्न कोणी कधी पाहिलं नव्हतं. "उत्तम निघालं हो पीक. सातव्या दिवशीच कापावं लागतं, नाहीतर सत्त्व जातं. तुमचा हा अर्धा पेला काढून ठेवलाय. शर्त क्रमांक नऊ."

साबणाचा फेस शामच्या हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होता. जीवनरावांनी भिंतीवरची फाइल काढून दाखवली: गच्ची ही सामाईक मालमत्ता असल्याने तेथील उत्पन्नावर सर्व सभासदांचा समान हक्क राहील. खाली शामची सही, ठळक आणि वळणदार.

एव्हाना रामीबाई एकेक पायरी उतरत पोचली होती. "काय झालं रे?"

"याडी," शाम म्हणाला, "यांनी तीज पिली."

रामीबाई तिथेच पायरीवर बसली. "माह्या सत्तर वर्सात मी बकरीनं तीज खाल्लेली पाह्यली," ती हळूच म्हणाली. "पान्यात वाहून गेलेली पाह्यली. नायकानं पिलेली तीज मी आजवर ऐकली बी नाई."

मग तिने सगळं सांगितलं. हा गहू औषधाचा नव्हे, पोरीचा पहिला देव आहे. नवव्या दिवसाआधी तुटली तर ती तीज मेली समजतात, आणि अशा घरात पुन्हा कोणी पोरीला पेरायला लावत नाही. जीवनरावांनी मिशीवरची हिरवी रेघ पुसली. "मला कोणी सांगितलं नाही हो," ते म्हणाले. "अर्जात नव्हतं." शामने मान खाली घातली. अर्जात नव्हतं हे खरंच होतं. देवाची लाज वाटली ती त्याला, आणि दंड बसला पोरीला.

"आजोबा," अर्पिता पुढे आली, "तुम्ही चावली का?"

"न... नाही. रस होता."

"मग ती पोटात आहे?"

"हो... म्हणजे, आत्ता तरी आहे."

अर्पिताने विचार केला. तो साऱ्या जिन्याला दिसला. "मग ती मेली नाही," ती म्हणाली. "तिने दुरडी बदलली. पण अर्धी आत अन् अर्धी बाहेर असं चालत नाही. हे पिऊन टाका."

सगळ्यांनी रामीबाईकडे पाहिलं. रामीबाईने बराच वेळ आढ्याकडे पाहिलं. अशा बाबतीत तांड्यात पूर्वीचा निकाल नव्हता. "पी बाप्पा," ती शेवटी म्हणाली. "पोरीचा भाव हाये."

जीवनराव प्यायले. तेवढ्यात मुस्कानने हातातला पाण्याचा पेला पुढे केला आणि अर्पिताने त्यांच्या पोटाकडे तोंड करून गाणं सुरू केलं. "तीज तीज, वर ये ना..."

"ते नको, ते नको!" रामीबाई ओरडली. "वर कायले बोलावतं? उलटी होईन त्याले!"

त्या घटकेपासून अध्यक्षांची लागवड सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ दोन्ही पोरी त्यांच्या दारात गात, आणि गाणं संपेपर्यंत त्यांनी पेलाभर पाणी प्यायचं. तिजेला ऊन लागतं म्हणून त्यांना सकाळी गच्चीवर खुर्चीत बसवलं जाई. तिजेला तिखट चालत नाही म्हणून मिरची बंद झाली. तिजेसमोर ओरडायचं नाही म्हणून नोटिसाही बंद झाल्या. पोटावर शर्टाच्या बटणांत मोज्याचा घोडा खोचलेला. शाम लाजेने मेल्यासारखा झाला होता. सरकारी खात्यातल्या निवृत्त अभियंत्याला आपली पोरगी कुंडीसारखं इकडून तिकडे ठेवते आहे! त्याने दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा मागायला गेला तेव्हा जीवनराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, केस विंचरून, दारातच उभे होते. "पोरी अजून आल्या नाहीत," ते म्हणाले. "पाच मिनिटं उशीर झालाय."

आठव्या दिवशी धमोळी, म्हणजे विसर्जनाआधीचा गोड नैवेद्य, म्हणून चूरमा झाला. ममताने जीवनरावांची शुगर तपासली, कपाळाला हात लावला, आणि तरीही एक घास दिला.

नवव्या दिवशी विसर्जन. मेहनाजभाभींच्या नवऱ्याने, रहमतने, आपला मालवाहू ऑटो काढला. कळंब रोडवरच्या नाल्याला गुडघाभर पाणी होतं. अर्पिता-मुस्कान नव्या घागऱ्यांत, हंसाबाई नवी पैठणी नेसून, इमारतीतले निम्मे लोक मागे. जीवनराव रिकामी दुरडी डोक्यावर घेऊन ऑटोतून उतरले आणि पाण्याकडे निघाले, तेवढ्यात रामीबाई एकाएकी थांबली.

"थांबा! माह्या ध्यानातच आलं नाई." तिने जीवनरावांचा दंड धरला. "तीज कुवारीच नेते. लगन झालेल्यानं नेली का ती बाटली. मंग नऊ दिवस पान्यात गेले."

अर्पिताचा खालचा ओठ हलायला लागला. ज्या पोरीने कापलेली तीज पाहून डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं, तिचे डोळे आता भरले. हंसाबाई हळूच म्हणाल्या, "आता बाई गेल्या बिच्चाऱ्या, पण लगन तं झालंच होतं ना!"

जीवनराव खाकरले. दुरडी सावरली. एकदा शामकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे.

"माझं लग्न झालेलं नाही," ते म्हणाले.

हंसाबाईंचा हात तोंडावर गेला. रहमतने ऑटोचं इंजिन बंद केलं. शामला वारुळातल्या मुंग्या चावल्या होत्या तेव्हासुद्धा एवढा धक्का बसला नव्हता.

"पण सर, आम्ही तर..."

"तुम्ही धरून चाललात. तीन बहिणी होत्या, त्यांची करता करता चाळिशी आली. मग बदल्या. दारव्हा, पुसद, वणी." त्यांनी घसा पुन्हा साफ केला. "मग कोणी विचारलंच नाही. अकरा वर्षांत इथंही कोणी विचारलं नाही."

अकरा वर्षं घराखाली राहणाऱ्या माणसाबद्दल शामला फक्त शर्ती माहीत होत्या.

"म्हणजे चालतं!" अर्पिता किंचाळली आणि टाळ्या पिटत पाण्याकडे धावली. "दादी, चालतं ना? ते कुवारी आहेत!"

रामीबाईने डोळ्यांना पदर लावला आणि मान हलवली. मग तिने खड्या आवाजात गाणं धरलं, तांड्यातलं, जुनं. पोरींनी जीवनरावांचे दोन हात धरले. ते गुडघाभर पाण्यात गेले, दुरडी त्यांनी हळूच सोडली, आणि ती वळसे घेत दूर गेली. तीज जाताना पोरींनी गळ्यात पडून रडायचं असतं. अर्पिता आणि मुस्कान जीवनरावांच्या कमरेला मिठी मारून मनापासून रडल्या. जीवनरावांनाही रडायला वेळ लागला नाही.

पोरी बाहेर आल्या. ऑटो चालू झाला. जीवनराव मात्र तिथेच उभे होते, पाठमोरे, हात जोडलेले, ओठ हलत असलेले. अध्यक्षांनी कोणाकडे काही मागितल्याचं इमारतीत कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"सर, झालं विसर्जन," शामने काठावरून हाक मारली. "या आता बाहेर."

रामीबाईने त्याचा हात खाली ओढला. "राहू दे त्याले," ती म्हणाली. "सदुसष्ट वर्साचं मागनं हाये. टाइम लागन."